निषादावांचून वध

वाल्मीकीची एक मोठी सोय होती. क्रौंच पक्षी जमिनीवर तडफडत पडला होता आणि त्याला पाडणारा निषाद धनुष्य हातांत घेऊन समोरच उभा होता. शाप कोणाला द्यावयाचा हा प्रश्न ऋषीला पडलाच नाहीं. करुणा आणि क्रोध या दोन्ही वृत्तींना एकाच क्षणीं आपापलें पात्र मिळालें आणि त्या योगानें जगाला आदिकाव्य लाभलें. आमच्या नीतिविचाराची घडण पुष्कळ अंशीं याच प्रसंगाच्या सांच्यावर झाली आहे असें आम्हांस वाटतें. कोठें दुःख दिसलें कीं तें देणारा हात आम्ही शोधूं लागतों. हात सांपडला कीं त्यामागचा हेतु शोधतों. आणि हेतु दुष्ट नव्हता असें ठरलें कीं आपलें काम संपलें असें समजून स्वस्थ बसतों. "त्याच्या मनांत तसें नव्हतें हो," हें वाक्य प्रत्येक घरांत दिवसांतून एकदां तरी कोणी ना कोणी उच्चारीत असतेंच, आणि तें उच्चारलें कीं फुटलेल्या बरणीपासून बुडालेल्या व्यवहारापर्यंत सर्वांचा निकाल लागतो.

परंतु धनुष्य नाहीं, बाण नाहीं, हेतु तर मुळींच नाहीं, आणि तरीही क्रौंच मरून पडला आहे अशी स्थिति असली तर? प्रशांत महासागराच्या मध्यभागीं असलेल्या हवाई बेटांवरील एका लहानशा तांबड्या पक्ष्याची हकीकत वाचीत असतां हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला, आणि तो सहजासहजीं खालीं बसेना. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

या पक्ष्याचें नांव इईवी. चोंचीच्या टोंकापासून शेंपटीच्या टोंकापर्यंत तो वीतभरही भरत नाहीं. वजन दीड तोळ्याच्या आसपास, म्हणजे आमच्या अंगणांतल्या चिमणीहूनही हलका. अंग लालभडक, पंख आणि शेंपूट काळीं, आणि चोंच लांब, विळ्यासारखी खालीं वांकलेली व नारिंगी झांकेची. पिलाचा रंग निराळा. तें पिंवळसर असून अंगभर काळे ठिपके असतात, आणि हा तांबडा पोषाख त्याला मोठेपणींच मिळतो. आवाजाच्या बाबतींत मात्र निसर्गानें हात आंखडता घेतला आहे. गंजलेल्या बिजागरीचें दार हळूं हळूं उघडावें तसा कांहींसा हा सूर आहे. ऐकणारास तो गोड वाटतो तो बहुधा गाणारास पाहिल्यामुळेंच.

त्याचा सारा संसार ओहिआ नांवाच्या झाडाभोंवतीं चालतो. हें झाड आमच्या जांभळाच्या कुळांतलें. लाव्हारस थंड होऊन बनलेल्या उघड्या खडकावर जीं झाडें प्रथम मूळ धरतात त्यांपैकीं हें एक. त्याचें फूल म्हणजे तांबड्या केसरांचा गोंडा. शिरीषाचें फूल लाल रंगांत बुडवून काढावें तसें. इईवी त्या गोंड्यावर उलटासुलटा लोंबकळत मध पितो, मधून मधून किडे व कोळी टिपतो, आणि आपण धरलेल्या झाडावर दुसरा कोणी आला तर त्याच्या पाठीस लागून त्याला हुसकून लावतो. घरटें याच झाडाच्या उंच शेंड्याजवळ. त्यांत सामान्यतः दोन अंडीं; तीं मादी चौदा दिवस उबवते आणि नर जवळपास राहून तिला भरवतो. आमच्या बागेंतला शिंजीर ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हें सर्व ओळखीचें वाटेल. पण दोघांचें नातें कांहींच नाहीं. इईवीचे पूर्वज दाणे फोडणारे, जाड चोंचीचे, आशिया खंडांतले पक्षी होते. सुमारें पन्नास लाख वर्षांपूर्वीं किंवा त्याच्याही आधीं त्यांचा एखादा थवा वाऱ्यानें भरकटून, कोणत्याही खंडापासून सुमारें ३,८०० किलोमीटर दूर असलेल्या या बेटांवर येऊन पडला. त्या एका थव्यापासून पुढें पन्नासाहून अधिक जाती निर्माण झाल्या. कोणाची चोंच विळ्यासारखी, कोणाची पोपटासारखी, कोणाची खालीं खुंटी आणि वर आंकडा अशी. जसें अन्न तसें हत्यार. आज या कुळांतल्या अवघ्या सतरा जाती उरल्या आहेत.

ज्या बेटांवर चावणारा डांस नव्हता, मुंगूस नव्हतें, उंदीर नव्हता, तेथें इतकीं वर्षें राहिल्यावर या कुळाची रोगाशीं झुंजण्याची संवय सुटली. फुलाची आणि चोंचीची सोबत तेवढी वाढत गेली. इईवीची वांकडी चोंच लोबेलिया जातीच्या लांब नळीच्या फुलांत बरोबर बसे. पुढें हीं फुलें दुर्मिळ झालीं, पक्षी ओहिआच्या उघड्या गोंड्यांवर राहूं लागला. आणि जुन्या संग्रहांतल्या चोंचींशीं नव्या चोंचींची तुलना करून १९९५ सालीं अभ्यासकांनीं असें दाखवून दिलें कीं, मधल्या काळांत या पक्ष्याची वरची चोंच किंचित् आंखूड झाली आहे. सोबती गेला म्हणजे माणसाच्या आयुष्यांत काय काय आंखूड होतें हें आपण जाणतों. येथें तें मोजपट्टीनें मोजतां आलें.

आतां निषादाच्या शोधाला लागूं. पहिला संशय साहजिकच त्या बेटांच्या राजांवर जातो. हवाई बेटांतले सरदार पिसांचे झगे घालीत. त्यांतला तांबडा रंग पुष्कळसा इईवीचा. रानांत महिनोन् महिने राहून झाडाच्या चिकानें पक्षी धरणारे लोक तेथें होते, आणि तांबड्या पक्ष्याच्या अंगावरचीं बहुतेक सारीं पिसें उपयोगाचीं असल्यामुळें त्याला धरल्यावर जिवंत सोडण्याचें कारण नसे. २६ जानेवारी १७७९ रोजीं केआलाकेकुआ उपसागराच्या कांठीं कालानीओपूऊ नांवाच्या राजानें आपल्या अंगावरचा असा झगा काढून इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक याच्या खांद्यावर घातला. (पुरते तीन आठवडेही झाले नाहींत तोंच त्याच किनाऱ्यावर राजाच्या माणसांशीं झालेल्या चकमकींत कुक मारला गेला, सत्काराला काय अर्थ असतो हा एक निराळाच विषय आहे.) त्या एका झग्यांत चाळीस लाख पिसें असून तीं सुमारें वीस हजार पक्ष्यांचीं असावीं असा जाणत्यांचा अंदाज आहे. वीस हजार! आंकडा वाचून हात कानांवर जातात. आणि तरीही, कुकाच्या मागून जे परदेशी निसर्गाभ्यासक या बेटांवर आले त्यांना इईवी मुख्य बेटांवरील रानांत विपुल दिसला. बुद्धिपुरस्सर, हेतुपूर्वक, पिढ्यान् पिढ्या चाललेल्या पारधीनें हा पक्षी संपला नव्हता.

तो संपावयास लागला तो पाण्याच्या पिंपांमुळें. हकीकत अशी सांगतात कीं, १८२६ सालीं वेलिंग्टन नांवाचें एक जहाज माउई बेटावरील लाहाइना बंदरांत आलें. त्यानें शेवटचें पाणी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सान ब्लास येथें भरलें होतें. पिंपांच्या तळाशीं उरलेला शिळा गाळ खलाशांनीं एका ओढ्यांत ओतला आणि पिंपें धुऊन घेतलीं. घरची गृहिणी हंडा विसळून मोरींत पाणी टाकते त्याहून यांत अधिक कांहीं नाहीं. त्या गाळांत डांसांच्या अळ्या होत्या. थोड्याच दिवसांत तेथील रहिवासी पाद्र्यांकडे तक्रार घेऊन गेले कीं, कानांत गाणारी एक नवीच माशी गांवांत आली आहे.

डांस आला, हिवतापाचा जंतु मागाहून आला. बेटांवर जे जे लोक वसावयास आले त्यांनीं आपआपल्या देशचे पक्षी पिंजऱ्यांतून आणले, आणि त्यांतल्याच कोणाच्या तरी रक्तांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पक्ष्यांच्या हिवतापाचा जंतु तेथें पोंचला. सखल भागांतलीं रानें हळूं हळूं मुकीं होत गेलीं. होनोलूलूच्या नागरिकांना तें मुकेपण इतकें जाणवलें कीं, १९३० सालीं कांहीं सद्‌गृहस्थांनीं व महिलांनीं एक मंडळ काढून परदेशांतून गाणारे पक्षी मागवून सोडण्याचा उपक्रम चालविला. शांत झालेल्या झाडांवर पुन्हां किलबिल व्हावी, यापलीकडे त्यांच्या मनांत कांहीं नव्हतें. या सगळ्या कथेंत मनांत कांहीं असणारा माणूस शोधून सांपडत नाहीं, हीच तर अडचण आहे.

आणि आपण भारतीय या कथेंत निव्वळ श्रोते आहों असेंही नाहीं. १८६५ सालीं उसाच्या व गवताच्या अळ्या खाव्या म्हणून या बेटांवर जी साळुंकी सोडण्यांत आली ती हिंदुस्थानांतून नेलेली. १८८३ सालीं उंदीर मारण्यासाठीं उसाच्या मळ्यांत जें मुंगूस सोडलें तें जमैकाहून आलें खरें, पण जमैकाला तें गेलें होतें कलकत्त्याहून. उंदीर रात्रीं हिंडतो आणि मुंगूस दिवसा, ही साधी गोष्ट कोणाच्या लक्षांत आली नाहीं. मुंगसानें उंदरांऐवजीं जमिनीवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पाडला. तिसरा धागा त्याहून विलक्षण आहे. पक्ष्यांना हिवताप कशानें होतो याचा उलगडा कलकत्त्यांतच झाला. अलमोड्यास जन्मलेल्या रोनाल्ड रॉस यानें १८९८ सालीं तेथें पिंजऱ्यांतल्या चिमण्यांवर व चंडोलांवर प्रयोग करून डांसाच्या लाळेंतून हा जंतु एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो हें सिद्ध केलें. तो जंतु आणि तो करड्या रंगाचा, घाण पाण्यांत वाढणारा डांस, हे दोन्ही त्याच जातीचे कीं ज्यांनीं पुढें हवाईचीं रानें ओस पाडलीं. ज्ञान आमच्या अंगणांतल्या चिमणीनें दिलें आणि आपला जीव देऊन दिलें. तें वाचविणार होतें समुद्रापलीकडच्या एका पाखराला, पण तें तेथें वेळेवर पोंचलें नाहीं.

आज इईवीची स्थिति अशी आहे. हिवतापाचा जंतु डांसाच्या पोटांत वाढावयास ऊब लागते. हवा १३ अंश सेल्सिअसच्या खालीं गेली कीं त्याची वाढ थांबते. म्हणून हा पक्षी आतां मुख्यतः उंच, थंड डोंगरांवर आश्रयास आहे. हवाई बेटावर आणि माउईवर चार व तीन हजार मीटरांहून उंच पर्वत आहेत, तेथें त्याला अजून जागा आहे. कौआई बेटाचें सर्वांत उंच शिखर मात्र १,५९८ मीटर, म्हणजे आमच्या कळसूबाईहून ठेंगणें. हवा जसजशी तापत आहे तसतसा डांस वर चढत आहे, आणि शिखराच्या वर जाण्यास पक्ष्याला वाट नाहीं. त्यांत डुकरांनीं भर घातली आहे. रानांत मोकाट सुटलेलीं डुकरें मोठमोठे झाड-नेचे आडवे पाडून त्यांच्या बुंध्यांतला पिठूळ गाभा खातात. मागें उरलेल्या पोकळ द्रोणींत पाऊस सांठतो, आणि ज्या डोंगरावर डबकें म्हणून नव्हतें तेथें डांसाला हजारों पाळणे तयार होतात. एकाच बाधित डांसाचा एकच दंश झालेल्या इईवींपैकीं शेंकडा ९० मरतात असें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. २०१७ सालीं अमेरिकेच्या सरकारनें हा पक्षी संकटग्रस्त म्हणून जाहीर केला.

यांतही मनाला लागणारी गोष्ट ही कीं, वर राहिला तर तो वांचेल, पण तो वर राहत नाहीं. ओहिआ सर्व उंचींवर एकाच वेळीं फुलत नाहीं. फुलांच्या मागोमाग मैलोगणती उडत जाणें हा इईवीचा जन्मजात धर्म आहे. खालच्या उतारावर बहर आला कीं तो खालीं उतरतो, आणि खालीं डांस असतो. ज्या गुणानें त्याचें कुळ इतकीं लक्ष वर्षें जगलें त्याच गुणानें आज तें मरत आहे. दोष त्याचाही नाहीं.

आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांना ही सर्व हकीकत सांगून आम्हीं विचारलें, यांत अपराधी कोण? ते म्हणाले, "कोणी नाहीं. हेतु नाहीं, निष्काळजीपणाही सिद्ध होत नाहीं, कारण १८२६ सालीं डांसानें रोग होतो हें जगांत कोणालाच ठाऊक नव्हतें. खटला उभाच राहत नाहीं." त्यांचें म्हणणें कायद्यानें बिनतोड आहे, आणि आमचीं पुराणेंही त्यांच्याच बाजूनें साक्ष देतील असें प्रथमदर्शनीं वाटतें. मांडव्य ऋषीची कथा वाचकांस आठवत असेलच. चोरीचा खोटा आळ येऊन त्याला सुळावर चढविण्यांत आलें. पुढें तो धर्मराजाच्या दरबारीं जाऊन विचारता झाला कीं, माझ्या कोणत्या पापाचें हें फळ? धर्म म्हणाला, लहानपणीं तूं किड्यांच्या शेंपटांत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास. मांडव्य संतापला. अजाण पोराच्या खेळाला एवढी शिक्षा देणाऱ्या धर्मालाच त्यानें शाप दिला, त्याला मनुष्यजन्म घ्यावयास लावून विदुर केलें, आणि जगाला नवी मर्यादा घालून दिली कीं, चौदा वर्षांच्या आंत अजाणतेपणीं केलेल्या कर्माला पाप म्हणूं नये.

हा न्याय आम्हांस मान्य आहे. खलाशांना आम्ही दोष देत नाहीं. पण ही कथा सांगणारे बहुधा तिचा पूर्वार्धच लक्षांत ठेवतात. मांडव्यानें अजाणतेपणाला क्षमा दिली आणि त्याच तोंडानें अजाणतेपणाला वयही नेमून दिलें. पंधराव्या वर्षीं तीच काडी तोच मुलगा खुपशील तर तें पाप आहे. मग या पाखराच्या बाबतींत मनुष्यजातीचें चौदावें वर्ष कधीं संपलें? आमच्या मतें तें १८९८ सालीं संपावयास लागलें आणि १९६८ सालीं पुरतें संपलें. कारण त्या वर्षीं हवाईचे पक्षी डांसांनीं आणलेल्या रोगांमुळें नष्ट होत आहेत हें एका अभ्यासकानें प्रयोगांसह मांडलें. त्यानंतर "आमच्या मनांत तसें नव्हतें" हें म्हणण्याची सोय उरली नाहीं. तेव्हांपासून जें घडत आहे तें आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे.

परंतु आम्हांस खरें म्हणावयाचें आहे तें याच्याही पुढचें आहे. पाप हा शब्दच येथें बाजूला ठेवून ऋण हा शब्द वापरला तर पुष्कळ गोंधळ मिटतो. पापाला हेतु लागतो. ऋणाला लागत नाहीं. बापानें काढलेलें कर्ज मुलाच्या मनांत नव्हतें, किंबहुना त्या वेळीं मुलाचा जन्मही झाला नसेल. तरीही जुन्या हिंदु धर्मशास्त्रानें तें फेडणें हें पुत्राचें पवित्र कर्तव्य मानलें होतें. आमचे वकील स्नेही येथें तत्परतेनें सांगतात कीं, २००५ सालच्या दुरुस्तीनें तें कर्तव्य कायद्यांतून काढून टाकण्यांत आलें आहे, आणि शिवाय दोनशें वर्षांचें कर्ज मुदतबाह्य असतें. असेल. पण कर्ज मुदतबाह्य झालें म्हणजे तें फिटलें असें कोणताही सभ्य गृहस्थ मानीत नाहीं; सावकार दावा करूं शकत नाहीं एवढाच त्याचा अर्थ, आणि येथें सावकार तर दावा मुळींच करूं शकत नाहीं. दीड तोळ्याचा पक्षी तो. वारसानें वारसा घेतला असेल तेवढ्यापुरता तरी तो बांधलेला असतो. जहाजांनीं जग जोडलें त्याचा लाभ आपण सर्वांनीं घेतला आहे. आमच्या चहाच्या पेल्यांतली साखर आणि अंगावरचें कापड त्याच व्यापाराच्या ओघांत आमच्यापर्यंत आलें. त्या जहाजांच्या पिंपांचा गाळ मात्र आमचा नव्हे असें म्हणणें, म्हणजे घर घेऊन घरावरचें गहाण नाकारणें होय. गृहस्थाला रोजचे पांच यज्ञ सांगणाऱ्यांनीं त्यांत भूतयज्ञ घातला, तो कांहीं गृहस्थानें भूतांचा अपराध केला म्हणून नव्हे. तो जगतो तेवढ्यानेंच त्यांचें देणें लागतो म्हणून.

यावर आक्षेप पुष्कळ निघतील. जाती नष्ट होणें हा सृष्टीचा क्रमच आहे, हा त्यांतला सर्वांत आवडता. मरणें हाही सृष्टीचा क्रम आहे. म्हणून घरांत आजारी पडलेल्यास औषध द्यावयाचें नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. त्या आक्षेपावर याहून अधिक शब्द खर्च करण्याचें कारण दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतला आहे, आणि तो अधिक बोंचतो. आम्हीं हा लेख लिहावयास तांबडा पक्षीच कां निवडला? माउईच्या दमट रानांत पोओउली नांवाचा एक तपकिरी, काळ्या बुरख्याचा, गोगलगाई खाणारा पक्षी होता. १९७३ सालापर्यंत तो शास्त्रज्ञांना माहीतही नव्हता. तीस वर्षांच्या आंत तीनच पक्षी उरले, आणि तिघेही वेगवेगळ्या दऱ्यांत, एकमेकांस न भेटतां राहत होते. २००२ सालीं अभ्यासकांनीं एक मादी पकडून नराच्या दरींत नेऊन सोडली. दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपल्या जागीं परत निघून गेली होती. २००४ सालच्या सप्टेंबरांत त्यांतला एक पक्षी धरून पिंजऱ्यांत आणला. इतर दोघे पुन्हां दिसले नाहींत, आणि नोव्हेंबरांत तो पिंजऱ्यांतच मेला. २०२३ सालीं सरकारी यादींत त्याच्या नांवापुढें नामशेष असा शेरा पडला. या पोओउलीवर आम्हीं लेख लिहिला नाहीं. इईवीच्या रंगासाठीं त्याला मारणारे आणि त्याच रंगासाठीं त्याच्याबद्दल हळहळणारे, यांच्यांत आम्ही समजतों तितकें अंतर नसावें. पण कोणत्या दारानें कां होईना, माणूस एकदां देवळांत शिरला म्हणजे आंतल्या कोपऱ्यांतल्या शेंदूर न लावलेल्या मूर्तीकडेही त्याची नजर जाते. निदान आमची अशी गेली.

तिसरा आक्षेप अहिंसेच्या कांटेकोर उपासकांचा. पाखराला वांचविण्यासाठीं सध्यां जो उपाय चालू आहे तो असा. वोल्बाकिया नांवाचा एक जंतु डांसाच्या शरीरांत राहतो. त्याचा निराळा वाण अंगांत असलेले नर डांस प्रयोगशाळेंत वाढवून रानांत सोडतात. नर चावत नाहींत. त्यांचा रानांतल्या मादीशीं संबंध आला कीं तिचीं अंडीं उबत नाहींत, आणि पिढी दर पिढी डांस ओसरत जातात. २०२३ सालच्या नोव्हेंबरांत माउईच्या डोंगरावर हेलिकॉप्टरांतून असे डांस सोडण्यास सुरुवात झाली. दर आठवड्यास लाखों सोडले जातात. याला तेथेंच कांहीं लोकांनीं विरोध केला, न्यायालयांतही धांव घेतली. एकदां परके प्राणी सोडून घात झाला असतां पुन्हां तोच मार्ग कसा धरतां, ही त्यांची शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ज्यांनीं मुंगूस सोडलें त्यांनाही आपण शहाणपणच करीत आहों असें वाटत होतें. फरक इतकाच कीं, हा डांस तेथें आधींच आहे, सोडलेल्या नरांची संतति राहत नाहीं, आणि सोडणें थांबविलें कीं परिणामही थांबतो.

पण अहिंसेचा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं. शिबि राजानें कपोताला वांचविलें तें स्वतःच्या मांडीचें मांस तोडून. ससाण्याचा घांस त्यानें बुडविला नाहीं. आपण इईवीला वांचवीत आहों तें डांसाच्या वंशाचें मांस तराजूंत घालून. ही हिंसा आहे आणि तिला दुसरें नांव देऊन मनाची समजूत घालण्यांत अर्थ नाहीं. ज्या प्रयोगानें शेंकडा ९० हा आंकडा हातीं आला तोही मुद्दाम डांस चाववून, मरणाची जाणीव ठेवून केलेला प्रयोग होता. रॉसच्या चिमण्याही तशाच. नीट पाहिलें तर या अलीकडच्या कथेंत जाणूनबुजून इजा करणारीं माणसें तेवढीं त्या पाखराच्या पक्षाचीं निघतात, आणि निष्पाप मनाच्या लोकांनीं मात्र रानेंच्या रानें मुकीं केलीं. हेतूवरच सारें तोलणाऱ्या आमच्या तराजूला हें वजन पेलत नाहीं. तराजू टाकून द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं; घरांतल्या भांडणांना तो पुरतो. डोंगराएवढ्या देण्याघेण्याला दुसरा कांहीं मापदंड हवा, आणि तो हातीं येईपर्यंत हप्ते भरणें थांबवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

हप्ते भरणारीं माणसें आहेत. कौआई बेटावर आकीकीकी नांवाचें एक करड्या रंगाचें, इईवीहूनही लहान पाखरूं राहतें. २०२३ सालीं रानांत तीं मोजून पांच उरलीं असावीं असा अंदाज होता. त्यांचीं अंडीं उंच झाडांवरून काढून आणून माउई येथील एका पक्षिगृहांत पिलें वाढविलीं आहेत. त्याच वर्षीं ८ ऑगस्टला माउईवर जो भयंकर वणवा पेटला त्याच्या एका ज्वाळेनें या पक्षिगृहाचें कुंपण जवळ जवळ गांठलें. तेथें राहणाऱ्या एक बाई आणि शेजारचे एक गृहस्थ पाण्याची नळी व आग विझविण्याचीं नळकांडीं घेऊन बाहेर धांवले आणि आग आटोक्यांत येईपर्यंत झुंजले. आंत पिंजऱ्यांत कित्येक लाख वर्षांचें कूळ झोपलें होतें.

कालानीओपूऊचा झगा कुकाच्या जहाजांतून इंग्लंडला गेला, तेथून न्यूझीलंडच्या संग्रहालयांत गेला, आणि २३७ वर्षांनीं, २०१६ सालीं, होनोलूलूस परत आला. २०२० सालीं तो कायमचा परत देण्यांत आला. त्यावरचा तांबडा रंग अजून उतरलेला नाहीं असें पाहणारे सांगतात. तेथून कांहीं शें किलोमीटरांच्या आंत, माउईच्या आणि हवाईच्या उंच उतारांवर, तोच रंग अजून झाडांतून उडत असतो. खालच्या रानांत ओहिआ फुलला कीं इईवी आजही खालीं उतरतो.